सकाळी नदी, दुपारी कादंबरी: पुण्यातून पहिल्यांदा राफ्टिंगला जाणाऱ्या वाचकांसाठी

मी पहिल्यांदा कोलाडला राफ्टिंगसाठी निघालो तेव्हा आई म्हणाली, "पैसे देऊन बुडायला चाललायस का?" आणि बाबांनी बॅगेतलं पुस्तक बघून विचारलं, "हे कशाला, तिकडे वाचणारेस?" दोघांचंही बरोबर होतं. त्या ट्रिपला मी दोनदा पाण्यात पडलो आणि नेलेली कादंबरी एक पानही न वाचता ओली करून परत आणली. त्यानंतर बऱ्याच वेळा जाणं झालं, मेव्हण्याला नेलं, ऑफिसातल्या लोकांना नेलं, आणि दरवेळी नवीन माणूस तेच सहा-सात प्रश्न विचारतो म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय.

नदी आणि कादंबरी एकत्र का, तर त्याचं कारण अगदी कोरडं आहे, कोलाडला पाणी सकाळीच असतं. दुपारी बाराच्या आसपास तुम्ही आंघोळ करून जेवायला बसलेले असता आणि पुढची अख्खी दुपार रिकामी. या दुपारचं काय करायचं ते कुणीच सांगत नाही. बहुतेक लोक मोबाइल बघतात, नेटवर्क नाही म्हणून चिडतात आणि तीनलाच परत निघतात.

१. आधी हे पाणी कुठून येतं ते समजून घ्या

कोलाडच्या कुंडलिका नदीवर वर्षभर राफ्टिंग चालतं याचं लोकांना नवल वाटतं, कारण सह्याद्रीतल्या नद्या म्हणजे पावसाळ्यात थयथयाट आणि एप्रिलमध्ये नुसते गोटे. पण कुंडलिकेत पाणी सोडलं जातं. मुळशी धरणाचं पाणी बोगद्यातून आणि पाइपातून घाटाखाली ५०० मीटरच्या आसपास उतरवतात, त्यावर भिऱ्याला वीज तयार होते (हे केंद्र १९२७ पासून चालू आहे), आणि तिथून बाहेर पडलेलं पाणी पुढे रवाळज्याच्या बाजूने कुंडलिकेत येतं. विजेच्या मागणीनुसार पाणी सुटतं, साधारण सकाळी, आणि त्या पाण्यावर राफ्ट, म्हणजे हवा भरलेल्या रबरी होड्या, चालतात.

आता गंमत बघा. मुळशी धरण आहे मुळा नदीवर. म्हणजे हे पाणी खरं तर आपल्या पुण्यात यायचं, संगमावर मुठेला मिळायचं, पुढे भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागरात जायचं. ते वळवलं म्हणून कोकणात उतरतं आणि रोह्यावरून रेवदंड्याच्या खाडीत, अरबी समुद्रात जातं. तुम्ही ज्या लाटेवर किंचाळणार ती लाट पुण्याची आहे. आणि हे धरण होताना मावळातली गावं पाण्याखाली गेली, १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला, तो याच पाण्यासाठी. जाताना उजव्या-डाव्या हाताला बॅकवॉटर दिसेल तेव्हा फोटो काढण्याआधी एवढं आठवा, बाकी काही नाही.

याचा व्यवहारातला अर्थ काय? दोन गोष्टी. एक, ज्या दिवशी पाणी सुटणार नाही त्या दिवशी राफ्टिंग नाही, मग तुम्ही कितीही लांबून आलेले असा. दोन, आणि ही जास्त महत्त्वाची, अशा नदीची पातळी पाऊस नसतानाही एकदम वाढते. याबद्दल पुढे दुपारच्या भागात सांगतो.

२. पोहता येत नसेल तर काय

येत नसेल तरी चालतं, लाइफ जॅकेट असतं, हे सगळे सांगतात आणि ते खरंच आहे. पण मी एक सांगीन, पाण्याची भीती असेल तर आधी दोन-तीन आठवडे जवळच्या पोहण्याच्या तलावावर जाऊन फक्त उताणं तरंगायला शिका. पुण्यात असे तलाव भरपूर आहेत. स्ट्रोक वगैरे नाही आले तरी हरकत नाही, कानात पाणी गेलं की घाबरायचं नाही एवढंच शिकायचं आहे. माझा मेव्हणा, सहा फूट, जिमवाला, कानाला पाणी लागलं की लहान मुलासारखा हात झाडायचा. टँकवर पंधरा दिवस गेल्यावर तोच आता सगळ्यात पुढे बसतो.

सराव मुळा-मुठेत करू नका. कुणीतरी सल्ला देतंच की संगमाजवळ बोट क्लब आहे, पूर्वीपासून बोटी चालतात, मग काय हरकत आहे. बोट चालवणं वेगळं आणि त्या पाण्यात तोंड बुडवणं वेगळं. उन्हाळ्यात जलपर्णी आणि वास दोन्ही तुम्हाला आपोआप समजावतील.

३. कादंबरी दहा दिवस आधी निवडा, आणि घरीच सुरू करा

ही माझी सगळ्यात मोठी चूक होती. मी एक पानही न वाचलेली कादंबरी नेली, तिथे जाऊन सुरू करू म्हणून. पहाटे चारला उठलेला, दोन तास वल्हं मारून आलेला, भाकरी-मासे चापलेला माणूस कादंबरीचं पहिलं प्रकरण वाचू शकत नाही, पात्रांची नावं लक्षात येईपर्यंत घोरायला लागतो. म्हणून घरून निम्मी वाचून न्या. जिथे सोडवत नाही तिथे थांबा, म्हणजे जबरदस्तीने बुकमार्क घाला आणि पुस्तक बॅगेत टाका. शुक्रवारी रात्री हे फार जड जातं, पण दुपारी बाराला त्याची वसुली होते.

कुठली न्यायची? माझे नियम असे:

जाडजूड नको. 'तुंबाडचे खोत' जगबुडी नदीच्या काठावरचीच आहे, कोकणचीच आहे, तरी दोन खंड बॅगेत घालून घाट उतरू नका, ती घरी पावसाळाभर पुरवा.

पहिल्या ट्रिपला मी 'रारंगढांग' सुचवतो. बारीक पुस्तक आहे, हिमालयात डोंगर फोडून रस्ता करणाऱ्यांची गोष्ट, आणि खाली दरीत सतलज आहे. नदी वरून कशी दिसते आणि तिच्या अंगावर गेल्यावर कशी दिसते हा फरक सकाळी अंगावर घेऊन आलात की ती पानं वेगळी लागतात. दुसरी 'झाडाझडती', धरणग्रस्तांची, जड आहे, प्रत्येकाला सुट्टीत झेपेल असं नाही, पण मुळशीचं बॅकवॉटर बघून आलेल्या माणसाने कधीतरी वाचावीच.

इंग्रजी चालत असेल तर हकलबेरी फिन, १८८४ सालची. दोघं जण एका तराफ्यावर मिसिसिपीतून खाली जातात, इतकं सोपं. लेखक स्वतः त्या नदीवर आगबोटीचा पायलट होता आणि 'मार्क ट्वेन' हे टोपणनाव म्हणजे खोली मोजणाऱ्याची हाक आहे, दोन फॅदम, म्हणजे १२ फूट पाणी, बोट जायला पुरेसं. नदीवर पोट असलेला माणूस पाण्याकडे कसा बघतो ते त्या नावातच आहे.

पुस्तक जुनंच घ्या. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास, किंवा फूटपाथवर जुनी पुस्तकं मांडलेली असतात तिथे. लायब्ररीचं पुस्तक मात्र चुकूनही नेऊ नका. मी नेलेलं लायब्ररीचंच होतं. काउंटरवरच्या काकूंनी फुगलेलं पुस्तक दोन बोटांत धरलं, उलटं केलं, त्यातून वाळूचे चार कण टेबलावर पडले, आणि त्या काही बोलल्या नाहीत. दंडापेक्षा ते जास्त लागलं.

४. बुकिंग करताना हे विचारा

फोनवर बोला, नुसतं ऑनलाइन पैसे भरून मोकळे होऊ नका. विचारायचं ते असं: पाणी त्या दिवशी सुटणार हे नक्की आहे का आणि नाही सुटलं तर पैसे परत की तारीख बदलून? किती किलोमीटर? (कोलाडला साधारण १२ ते १४ किलोमीटरचा पट्टा असतो, अर्धवट पट्टा विकणारेही भेटतात.) सोबत रेस्क्यूसाठी सेफ्टी कयाक (एका माणसाची छोटी होडी) असतो का? एका राफ्टमध्ये किती लोक? हेल्मेट देता का?

शेवटच्या प्रश्नाला "त्याची गरज नसते सर" असं उत्तर आलं तर फोन ठेवा.

ग्रेडबद्दलही थोडं. जगभर नदीची अवघडता एक ते सहा ग्रेडमध्ये मोजतात, एक म्हणजे संथ वाहतं पाणी आणि सहा म्हणजे राफ्ट नेणं जवळपास अशक्य असं. कुंडलिका दुसऱ्या-तिसऱ्या ग्रेडमध्ये येते, म्हणजे नवशिक्याला धडकी भरेल पण झेपेल. कुणी पहिल्याच वेळी "अरे कोलाड काय पोराटोरांचं, डायरेक्ट ऋषिकेशला मोठा पट्टा मारू" म्हणालं तर त्याला जाऊ दे, तुम्ही इथून सुरुवात करा. ऋषिकेशला सुद्धा ब्रह्मपुरी ते ऋषिकेश साधारण ९ किलोमीटर, शिवपुरीपासून १६, असे लहान-मोठे पट्टे आहेत, आणि तिथे ऐन पावसाळ्यात राफ्टिंग बंद असतं एवढं लक्षात ठेवून तिकीट काढा. आपल्या एका ग्रुपने जुलैचं विमान बुक केलं होतं.

पाठीचं, मणक्याचं दुखणं, हार्टचा त्रास, फिट्स, प्रेग्नन्सी, नुकतंच झालेलं ऑपरेशन यातलं काही असेल तर लपवू नका. लहान मुलांना वयाची अट असते, बऱ्याच ठिकाणी १४ वर्षं, तेव्हा आधी विचारा, नाहीतर पोरगं काठावर रडत बसतं आणि एकाला त्याच्यासोबत थांबावं लागतं.

५. कागदपत्रं आणि सामान

- आधार किंवा दुसरं कुठलंही फोटो ओळखपत्र, प्रत्येकाचं. एक झेरॉक्सही ठेवा.
- तिथे एक फॉर्म सही करून देतात, जबाबदारी तुमची वगैरे लिहिलेला. वाचून सही करा. आजार विचारलेले असतात ते खरे भरा आणि घरच्याचा फोन नंबर लिहा, सोबत राफ्टमध्ये बसणाऱ्याचा नाही.
- रोख पैसे थोडे. नेटवर्क गेलं की यूपीआयही गेलं.
- नायलॉन किंवा ड्रायफिट कपडे. जीन्स नको, ओली जीन्स म्हणजे पायाला बांधलेली पोती.
- मागे पट्टा असलेले सँडल किंवा जुने बूट. स्लीपर पहिल्याच रॅपिडमध्ये (खळाळत्या उताराच्या पाण्यात) समुद्राकडे रवाना होते.
- चष्म्याला मागून बांधायची दोरी. चष्मेवाल्या वाचकांनो, घरी जुना चष्मा असेल तर तोच घाला. मेव्हण्याने नवीन प्रोग्रेसिव्ह घातला होता, असो.
- टॉवेल, दोन जोड कपडे, सनस्क्रीन, ओडोमॉस, घाट लागत असेल तर उलटीची गोळी.
- अंगठ्या, चेन, घड्याळ घरी.

हातापायाला उघडी जखम असेल तर ट्रिप पुढे ढकला. कोकणात पावसाळ्यात लेप्टोचा (दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका असतो, आणि जाऊन आल्यावर महिन्याभरात ताप आला तर डॉक्टरांना "नदीच्या पाण्यात गेलो होतो" हे आपणहून सांगा.

६. पुस्तक कोरडं कसं ठेवायचं

पुस्तक राफ्टवर न्यायचं नाही. मला माहितीये तुम्हाला फोटो हवाय, तरी नाही. मी ड्राय बॅगवर (पाणी आत जाऊ न देणाऱ्या पिशवीवर) विसंबून नेलं होतं. ड्राय बॅगेचं तोंड किमान तीनदा घट्ट गुंडाळून मग क्लिप लावायचा असतो, मी एकदाच गुंडाळलं आणि बकल लागलं म्हणून खूश झालो. पाणी हळूहळू आत गेलं आणि कादंबरी दोन तास त्यात भिजत पडली.

तर पुस्तक झिपलॉक पिशवीत, हवा काढून, ती पिशवी कपड्यांच्या मध्ये, आणि बॅग गाडीत किंवा कॅम्पवर. ओल्या टॉवेलसोबत एका कप्प्यात नको, परतीच्या प्रवासात सगळी वाट तिथेच लागते.

तरीही भिजलंच तर उन्हात टाकू नका. मी गच्चीत पापडांच्या शेजारी ठेवलं होतं, संध्याकाळपर्यंत कव्हर होडीसारखं वळलं आणि पाठीचा डिंक तडकला. पानं ओढून सुटी करायची नाहीत. पुस्तक उभं करायचं, दर वीसेक पानांमागे वर्तमानपत्राचा तुकडा, पंखा चालू, आणि तुकडे दर दोन-तीन तासांनी बदलायचे. वेळच नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून चक्क फ्रीजरमध्ये ठेवा, बुरशी धरायची थांबते, मग सवडीने वाळवा. बायकोला आधी सांगून ठेवा, मटारच्या पाकिटाखाली कादंबरी सापडली की प्रश्न येतात.

७. निघायचं कधी आणि कसं

चांदणी चौक, पिरंगुट, पौड, मुळशी, ताम्हिणी घाट, विळे, कोलाड. अंतर तुम्ही कुठून निघता त्यावर ११० ते १२० किलोमीटर, वेळ तीन तास धरा. सकाळी आठच्या सुमारास तिथे हजर राहायला सांगतात, म्हणून साडेचार-पाचला निघा किंवा सरळ आदल्या रात्री मुक्काम करा. मी मुक्कामवाला आहे. पेट्रोल पौडपर्यंत भरून घ्या, घाटात रेंज जाते म्हणून मॅप आधी डाउनलोड करा, आणि पावसाळ्यात ताम्हिणीत धुकं आणि दरडी दोन्ही असतात तेव्हा बातम्या बघून निघा.

वाटेत धबधबा दिसला की उतरून पाण्यात जाण्याचा मोह होतो, तो टाळा. लाइफ जॅकेट घालून, गाइडसोबत, ठरलेल्या पाण्यात उतरणं सेफ आहे, पण रस्त्याकडेच्या अनोळखी पाण्यात उतरणं नाही. २०२४ च्या जूनमध्ये लोणावळ्याला भुशी धरणामागे एक कुटुंब वाहून गेलं, तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाय. पाणी गुडघ्याएवढंच होतं, मग वाढलं.

८. पाण्यावर

आधी ब्रीफिंग होतं. लोक त्या वेळी सेल्फी काढत असतात. तुम्ही ऐका.

जॅकेटचे सगळे पट्टे आवळा, मग मित्राला सांगा खांद्याला धरून वर ओढ. जॅकेट कानापर्यंत वर आलं तर ढिलं आहे, परत आवळा. घट्ट बसलं पाहिजे, पण श्वास मोकळा घेता आला पाहिजे.

वल्ह्याच्या वरच्या टोकाला टीसारखी मूठ असते, तिच्यावरचा हात काही झालं तरी सोडायचा नाही. वल्हं हरवतं म्हणून नाही, ती मूठ शेजारच्याच्या दातावर बसते म्हणून. राफ्टिंगमध्ये लोकांना लागतं ते बरेचदा एकमेकांकडूनच.

पडलात तर उताणे व्हा, पाय पुढे, म्हणजे प्रवाह जिकडे चाललाय तिकडे, आणि बोटं पाण्याबाहेर दिसतील असे वर. दगड आला तर पायाने ढकलायचा, डोक्याने नाही. आणि वाहत्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न करू नका, कमरेइतकं वाटलं तरी. तळातल्या दोन दगडांत पाऊल अडकलं की प्रवाह तुम्हाला पुढे पाडतो आणि मग सुटता येत नाही. राफ्टखाली गेलात तर घाबरू नका, वर हात लावून एकाच दिशेने सरकत बाहेर या. दोर फेकला तर दोर धरा, त्याची पिशवी नाही, आणि हाताला गुंडाळू नका.

हे झालं सेफ्टीचं. आता मजेचं. पुढे बसलात तर पाणी वाचायचा प्रयत्न करा. पाण्यावर व्ही आकार दिसतात. तुमच्याकडे रुंद आणि लांब निमुळता होत जाणारा व्ही म्हणजे वाट, तिथून राफ्ट जाते. टोक तुमच्याकडे आणि हात पलीकडे फाकलेले असा व्ही म्हणजे पाण्याखाली दगड आहे. आणि मोठ्या दगडाच्या मागे जो गुळगुळीत तुकडा दिसतो तिथे पाणी चक्क उलटं, वरच्या दिशेला फिरत असतं. आमचा गाइड नेपाळी होता, बोलायचा कमी, पण तिथे राफ्ट अशी नेऊन टेकवायचा की आजूबाजूला सगळं फेसाळतंय आणि आम्ही मात्र रिक्षा स्टँडवर उभे असल्यासारखे स्थिर. पहिल्या वेळी मी डोळे मिटून बसलो होतो. तिसऱ्या वेळी मला पुढचा व्ही गाइडच्या ऑर्डरच्या आधी दिसला, आणि तो "फॉरवर्ड" म्हणायच्या आत माझं वल्हं पाण्यात गेलं होतं. त्याने मागून नुसतं "हां" केलं. अजून ते "हां" मी लोकांना सांगतो.

९. दुपार

जेवण झालं की झोप येणार, अर्धा तास झोपा, भांडू नका तिच्याशी. मग पुस्तक काढा.

बसायचं कुठे? इथेच शेवटचा मोठा सापळा आहे. दुपारी पाणी उतरलेलं असतं, पात्रातले काळे खडक उघडे पडतात, झाडाची सावली असते, एक खंड्या येऊन बसतो, आणि वाटतं की त्या मधल्या खडकावर जाऊन वाचावं. जाऊ नका. पाणी परत कधी सुटेल ते आपल्याला माहीत नसतं, आणि कादंबरी चांगली असेल तर पाणी सुटण्याचा भोंगा वाजला तरी दोन पानं उशिराच ऐकू येतो. काठावर, भिजल्याच्या खुणेच्या वर बसा. ती खूण सोपी आहे, दगडाचा खालचा भाग गडद आणि शेवाळी असतो आणि वरचा फिकट कोरडा, त्याच्याही वर वाळकी काटक्या-पानं अडकलेली दिसतात. त्या काटक्यांच्या वर तुमची सतरंजी.

ग्रुपमध्ये एकटेच वाचणारे असाल तर लोक चिडवतील. चालतं. दोन तास द्या, साडेचारला चहा येतो तेव्हा उठा. आणि ग्रुप मोठा असेल तर एक फंडा सांगतो, परत निघताना मागच्या सीटवर बसून मोठ्याने वाचायचं. मेव्हणा गाडी चालवत होता आणि त्याला आयुष्यात कादंबरी या प्रकाराशी देणंघेणं नव्हतं. ताम्हिणी चढताना मी 'रारंगढांग' वाचायला घेतली, पौडला अंधार पडला तेव्हा मोबाइलच्या टॉर्चवर चालू होती, आणि चांदणी चौकात नेहमीसारखं ट्रॅफिक लागलं तर हा म्हणतो, "बरं झालं, वाच पुढे."